एक ग्लास, एक टॉर्च, एक काळा कागद: फोटोंचे प्रयोग सुरू करणाऱ्यांसाठी

फोटोंचा नाद नवा असताना बहुतेकांचं एकच होतं. ॲपमधले तयार फिल्टर एकामागून एक लावून पाहायचे, त्यातला एखादा आवडतो, मग महिनाभर प्रत्येक फोटोला तोच. नंतर सगळे फोटो एकत्र पाहिले की डोंगर, मांजर आणि धाकटा भाऊ एकाच रंगात बुडवून काढल्यासारखे दिसतात. दोष फिल्टरचा नाही. आपण काय बदललं आणि त्याने काय झालं हेच ठाऊक नसतं, त्यामुळे पुढचा फोटो वेगळा कसा काढायचा तेही कळत नाही.

म्हणून इथे उलटा रस्ता धरला आहे. एकच वस्तू घ्यायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे घडलं ते वहीत लिहायचं. वस्तू म्हणून मी काचेचा साधा ग्लास सुचवतो. समोर माणूस असला की आपण त्याचं हसू नीट आलंय का ते बघत बसतो. ग्लासाला हसायचं नसतं, त्यामुळे लक्ष आपोआप प्रकाशाकडे जातं.

आधी मांडामांड

फोन असो की कॅमेरा, त्यात प्रो किंवा मॅन्युअल मोड हवा, म्हणजे शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं), आयएसओ (मिळालेला प्रकाश कॅमेऱ्याने किती वाढवून दाखवायचा) आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंगांचा तोल) आपल्या हातात येतो. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात तो नसेल तर तशी सोय देणारी वेगळी ॲप मिळतात. ट्रायपॉड असला तर उत्तम, नसला तर पुस्तकांचा ढीग आणि फोनला मागून टेकू देणारी एखादी जड वस्तू चालते. हालू नये, एवढीच अट. ग्लास, छोटा टॉर्च, काळा जाड कागद, चिकटपट्टी, पांढरा पडदा दाखवू शकेल असा लॅपटॉप, आणि वही.

फोनमधला नाइट मोड, एचडीआर, ब्युटी वगैरे सगळं बंद करा. ही मंडळी तुमच्या नकळत अनेक फोटो जोडून एक करतात किंवा चेहरे गुळगुळीत करतात. रोजच्या वापराला ते छान आहे, पण प्रयोगात कुणाचं श्रेय कुणाला द्यायचं ते कळेनासं होतं.

दोन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबतानाचा बोटाचा धक्का फोटोत उतरू नये म्हणून.

रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जसंच्या तसं ठेवणाऱ्या फाइलची, सोय असेल तर ती चालू करा. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगासाठी ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. अंधारलेला कोपरा नंतर उजळायचा झाला तर या पायऱ्यांचा साठा कामी येतो. जेपेगमध्ये त्याच कोपऱ्यात पट्टे उमटतात.

आता एक शब्द पक्का करून घ्या, कारण पुढे तो सारखा येणार आहे: स्टॉप. एक स्टॉप वाढवला म्हणजे प्रकाश दुप्पट, एक कमी केला म्हणजे निम्मा. शटर १/६० सेकंदावरून १/३० वर आणलं की एक स्टॉप वाढला. आयएसओ १०० वरून २०० केला की फोटोचा उजेड तितकाच वाढतो, पण शटर न बदलता. ॲपर्चरचे, म्हणजे लेन्समधल्या प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे, आकडे मात्र विचित्र वाटतात: २.८, ४, ५.६, ८, ११. हा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास. छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं, म्हणून प्रकाश निम्मा करायला आकडा साधारण १.४ पटीने वाढवावा लागतो. बहुतेक फोनमध्ये ॲपर्चर बदलतच नाही. तेव्हा फोनवाल्यांची दोनच गोष्टींत सुटका आहे, शटर आणि आयएसओ.

पहिला प्रयोग: काचेच्या कडा

ग्लासवर समोरून टॉर्च मारून पाहा. एक पांढरा ठिपका आणि मागच्या भिंतीवर कवडसा, यापलीकडे काही हाती लागणार नाही. काच पारदर्शक असते. ती दिसते ती तिच्या कडांमुळे, आणि कडांचं काय करायचं हे मागचा प्रकाश ठरवतो.

लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा उघडा, ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवा, खोलीतले दिवे बंद करा. पडद्यापुढे हातभर अंतरावर ग्लास ठेवा. कॅमेरा इतका जवळ न्या की चौकटीत फक्त पांढरा पडदा आणि ग्लास राहील. फोटो काढा. ग्लासच्या कडा काळ्या येतील, जणू कुणी शाईने रेघ ओढली आहे. मधल्या भागातून मागचा पांढरा पडदा जवळजवळ सरळ दिसतो. कडेला मात्र काच वळते, तिच्याबरोबर प्रकाशही वळतो आणि पडद्याच्या बाहेरचा अंधार त्या कडेत येऊन बसतो.

आता फक्त एक गोष्ट बदला. काळा कागद पडद्याच्या मधोमध चिकटवा. कॅमेऱ्याला दिसणारा भाग झाकला जाईल एवढाच तो असावा, चारी बाजूंनी पांढरा पट्टा उरू द्या. ग्लास तिथेच, कॅमेरा तिथेच. या खेपेला पार्श्वभूमी काळी आणि कडा लखलखीत. अंधार मधे गेला आणि उजेड बाहेर, तर कडेत येऊन बसणारी गोष्टही बदलली. हे दोन फोटो शेजारी ठेवून पाहिले की फिल्टर न लावता फोटो पूर्ण पालटू शकतो याची खात्री पटते. काचेच्या वस्तूंचे फोटो काढणारे व्यावसायिक याच दोन मांडण्यांवर काम चालवतात. त्यांना ब्राइट फील्ड आणि डार्क फील्ड म्हणतात.

एक अडचण येईल. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा पांढरी पार्श्वभूमी करडी करतो आणि काळीही करडीच करतो. त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं असावं असं वाटतं. पांढऱ्या मांडणीत एक ते दीड स्टॉप वाढवा, काळ्या मांडणीत तितकाच कमी करा.

ग्लासमध्ये पाणी भरा आणि मागे कागदावर काढलेला बाण ठेवा. बाण हळूहळू मागे सरकवत न्या. एका अंतरानंतर तो उलट दिशेला तोंड करतो, कारण पाण्याने भरलेला ग्लास भिंगासारखं काम करतो. ग्लासमध्ये उलटलेलं दृश्य आणि बाहेर सरळ दृश्य असे फोटो इथूनच सुचतात.

दुसरा: प्लॅस्टिकमधले लपलेले रंग

पांढरा पडदा उघडाच आहे, तर हा प्रयोगही उरकून घ्या. मला स्वतःला हा सगळ्यात जास्त आवडतो, कारण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो जादूसारखा वाटतो.

एलसीडी पडद्यातून बाहेर येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच प्रतलात हालत असतात. लेन्सपुढे पोलरायझिंग फिल्टर धरा. फिल्टर नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच चालते. ती हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा पडेल. पडला नाही तर तुमचा पडदा या कामाचा नाही, दुसरा शोधा.

पडदा काळा असताना त्याच्या आणि फिल्टरच्या मधे पारदर्शक प्लॅस्टिकची फूटपट्टी किंवा डबीचं झाकण धरा. काळोखात इंद्रधनुष्यी पट्टे उजळतील. साच्यात ओतून थंड होताना प्लॅस्टिकमध्ये ताण राहून गेलेला असतो. त्या ताणामुळे वेगवेगळ्या रंगांच्या लहरींची दिशा वेगवेगळी बदलते, आणि फिल्टर त्यांतल्या काही आत सोडतो, काही अडवतो. कोपरे आणि वळणं यांच्याजवळ पट्टे दाटतात, कारण ताण तिथेच जास्त असतो.

पुढची पायरी: काचेच्या तुकड्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे आडवेतिडवे, एकावर एक चिकटवा. थरांची संख्या आणि तुकड्यांची दिशा बदलली की रंग बदलतो. हवं तसं चित्र रचता येतं. सगळ्या चिकटपट्ट्या असा रंग देत नाहीत, दोनतीन प्रकार करून बघावे लागतात.

तिसरा: टॉर्चने रंगवणं

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं बरंच काही यावर उभं आहे.

खोली पूर्ण अंधारी करा. आयएसओ १००, ॲपर्चर ८ च्या आसपास (बदलता येत असेल तर), शटर २० सेकंद. दिवा चालू असतानाच ग्लासवर फोकस करा आणि तो तिथेच कुलूपबंद करा. कॅमेऱ्यात मॅन्युअल फोकसवर जा, फोनमध्ये बहुधा बोट दाबून धरलं की फोकस लॉक होतो. हे विसरलात तर अंधारात कॅमेरा फोकस शोधत पुढेमागे करत राहील आणि वीस सेकंद फुकट जातील. दिवा बंद, टायमर सुरू.

शटर उघडलं की टॉर्च हातात घ्या. टॉर्चच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळा म्हणजे प्रकाशाचा झोत बारीक राहील आणि टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याला दिसणार नाही. ग्लासच्या डाव्या अंगाला पाच सेकंद झोत फिरवा. टॉर्च सतत हालता ठेवा. एका जागी धरला की तिथे डाग पडतो. मग टॉर्च बंद, आणि उरलेले सेकंद गप्प उभे राहा.

दुसरा फोटो: सगळं तसंच, झोत उजवीकडून. तिसरा: मागून. चौथा: वरून. फोटो जास्त उजळ आला तर शटर आणि आयएसओला हात लावू नका, टॉर्च पाचऐवजी अडीच सेकंद चालवा. अंधाऱ्या खोलीत एक्स्पोजर, म्हणजे फोटोला एकूण किती प्रकाश मिळतो ते, ठरवतो तो टॉर्च. शटर किती वेळ उघडं आहे याला इथे जवळजवळ महत्त्व नाही. ही गोष्ट वाचून पटत नाही, करून पटते.

दुसरी तऱ्हा म्हणजे टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे करून हवेत रेघा काढायच्या. ही कल्पना चांगलीच जुनी आहे. १८८९ साली शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे आणि त्याचा सहकारी जॉर्ज दमेनी यांनी माणसाच्या अंगाला छोटे दिवे बांधून त्याच्या चालीच्या रेघा टिपल्या होत्या. हेतू शास्त्रीय होता, चित्र मात्र देखणं आलं. १९३५ मध्ये मॅन रे या कलावंताने छोट्या दिव्याने स्वतःपुढे वेटोळी काढत आत्मचित्र केलं. त्या वेटोळ्यांत त्याची सही आहे हे तब्बल २००९ मध्ये, फोटो आरशात पाहिल्यावर उलगडलं. १९४९ मध्ये ग्योन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हाती दिवा देऊन त्याची हवेतली चित्रं लाइफ मासिकासाठी टिपली.

मॅन रेच्या सहीचं जे झालं ते तुमचंही होणार आहे. कॅमेऱ्याकडे तोंड करून हवेत नाव लिहिलंत तर फोटोत ते उलटं दिसेल. उलटं लिहायची कसरत करू नका, नंतर एडिटिंगमध्ये फोटो आडवा फ्लिप करा. लिहिणाऱ्याने गडद कपडे घालावे आणि हालत राहावं, म्हणजे तो फोटोत दिसत नाही. अक्षरांच्या मधे टॉर्चपुढे बोट धरलं की अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. देवनागरीत मात्र शिरोरेघ आहे, तेव्हा ती शेवटी एका दमात ओढा.

हाच प्रकार पेटलेल्या स्टील वूलने ठिणग्या उडवून करतात. नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये. ठिणग्या कुठे पडतील यावर आपला ताबा नसतो. लेझरचा झोतही लेन्सवर कधी येऊ देऊ नका; सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते.

हालचालीचे दोन-तीन प्रकार, थोडक्यात

कॅमेरा मुद्दाम हालवा. शटर १/४ ते १ सेकंद, झाडांच्या रांगेपुढे उभं राहून कॅमेरा वरून खाली एका संथ झोक्यात न्या. खोडांचे उभे फराटे येतात, रंगाच्या कुंचल्याने ओढल्यासारखे. पन्नासातले तीन बरे येतील. हालचाल बटण दाबण्याच्या जराशी आधी सुरू करायची आणि शटर बंद झाल्यावर थांबवायची, ही एकच खूण.

सायकलवाला समोरून आडवा जात असेल तर शटर १/३० वर ठेवून कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवा. तो स्पष्ट, मागचं सगळं फरफटलेलं. हात बसायला वेळ लागतो.

वाहतं पाणी दुधासारखं गुळगुळीत करायचं तर दिवसाउजेडी शटर खूप वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि फोटो पांढरा फटक होतो. त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सला लावायची काळी काच. दहा स्टॉपची काच प्रकाश सुमारे हजार पटीने कमी करते, १/६० सेकंदाचं शटर साधारण १७ सेकंदांवर जातं. ती नसेल तर पुढे एक युक्ती दिली आहे. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो काढून त्याला लाँग एक्स्पोजर हा इफेक्ट देता येतो. पहिली चव घ्यायला तो पुरेसा आहे.

एडिटिंगकडे

सॉफ्टवेअर कोणतं यावर लोक तासन् तास घालवतात. कोणतंही चालेल, फक्त त्यात लेअर (एकावर एक ठेवलेले प्रतिमेचे थर) आणि मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारी झाकणी) असावेत. जिम्प मोफत आहे आणि १९९५ पासून घडत आलं आहे. रॉ फाइलसाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. फोनवर स्नॅपसीड सुरुवातीला पुरतं. फोटोशॉप १९९० मध्ये आलं, पण त्यात लेअर आले ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत. म्हणजे पहिली चार वर्षं लोक त्याशिवायच काम करत होते. तुम्ही तो त्रास घेऊ नका, पहिल्या दिवसापासून लेअरवर काम करा.

मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढा, प्रतीवर काय हवं ते करा.

क्रम मी असा ठेवतो. आधी फोटो सरळ करणं आणि क्रॉप, कारण जो भाग उडवायचाच आहे त्याच्यावर मेहनत कशाला? मग व्हाइट बॅलन्स. मग उजेड-काळोख, हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणाऱ्या आलेखावर, डोळा ठेवून: आलेख उजव्या भिंतीला चिकटला तर तिथला तपशील गेला, डाव्या भिंतीला चिकटला तर काळोखातला गेला. मग एकेका भागाचं काम, मग रंग. फोटो हव्या त्या आकाराचा झाल्यावर अगदी शेवटी शार्पनिंग.

एकेका भागाचं काम म्हणजे डॉज आणि बर्न. ही नावं डार्करूमची, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर फोटो छापायच्या अंधाऱ्या खोलीची आहेत. कागदावर प्रकाश पडत असताना तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा मधे धरून एखादा भाग फिका ठेवायचा, किंवा हाताच्या पंज्याने बाकी सगळं झाकून एखाद्या भागावर जास्त प्रकाश पाडून तो गडद करायचा. आजही तसंच करा: मोठा, मऊ कडांचा ब्रश, जोर पाच ते दहा टक्के, पुन्हा पुन्हा. डार्क फील्डच्या फोटोत ग्लासची एक कड थोडी उजळून आणि दुसरी थोडी दाबून पाहा. ग्लासला गोलाई येते.

लेअर कसे मिसळतात

इथे थोडं गणित करायला लाजू नका, अगदी सोपं आहे. काळा म्हणजे ०, पांढरा म्हणजे १, मधला करडा ०.५. एकावर एक दोन लेअर ठेवले, दोन्हींत त्या जागी ०.५ आहे. मल्टिप्लाय मोड दोन्हींचा गुणाकार करतो: ०.२५, म्हणजे गडद. स्क्रीन मोड दोन्ही उलटे करून गुणतो आणि पुन्हा उलटा करतो: ०.७५, म्हणजे उजळ. लायटन मोड दोघांतला जास्त उजळ आकडा निवडतो: दोन्ही सारखेच, म्हणून ०.५.

आता टॉर्चचे चार फोटो आठवा. डावीकडून, उजवीकडून, मागून, वरून. चारही एकाच फाइलमध्ये लेअर म्हणून टाका आणि वरच्या तिघांना लायटन लावा. प्रत्येक फोटोतला फक्त उजळलेला भाग वर येईल आणि चार दिव्यांचा स्टुडिओ तयार होईल. आता गंमत अशी की यातला एखादा दिवा नंतर मंद करता येतो. त्या लेअरला कर्व्ह्जने, म्हणजे उजेडाची रेषा वरखाली वाकवायच्या साधनाने, गडद करा. रंगीतही करता येतो. ज्यांच्या फोनचं शटर दहा सेकंदांपुढे जात नाही त्यांनी खट्टू होऊ नये. दहा सेकंदांचे सहा फोटो लायटनने जोडले की एका मिनिटाच्या रेघा येतात. ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेघांचे फोटोही असेच करतात: पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, तेव्हा लागोपाठ काढलेल्या फोटोंत तारे किंचित सरकलेले असतात आणि लायटन त्यांची साखळी जोडतो. फोटोंच्या मधे खंड पडू देऊ नका, नाहीतर साखळी तुटक दिसते.

पाण्याची राहिलेली युक्ती: ट्रायपॉड न हलवता १६ फोटो काढा आणि त्यांची सरासरी घ्या. लेअरच्या ओपॅसिटीने, म्हणजे तो किती अपारदर्शक ठेवायचा त्या टक्क्याने, ती हाताने घेता येते. सगळ्यात खालचा लेअर १०० टक्के, दुसरा ५०, तिसरा ३३, चौथा २५. नंबर जितका, १०० ला तितक्याने भागायचं. पाणी मऊ होतं. शिवाय प्रतिमेतला कण, म्हणजे नॉइज, फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो, तेव्हा १६ फोटोंत तो चौथ्या हिश्श्यावर येतो.

डबल एक्स्पोजर

दोन फोटो एकावर एक. कॅमेऱ्यातच मल्टिपल एक्स्पोजरची सोय असेल आणि तो दोन्हींचा उजेड नुसता बेरजेने जोडत असेल, तर प्रत्येक फोटो एक स्टॉप कमी उजेडात काढा, चार जोडायचे असतील तर दोन स्टॉप. सॉफ्टवेअरमध्ये करत असाल तर स्क्रीन मोड.

नवखा माणूस कोणतेही दोन आवडते फोटो एकावर एक टाकतो आणि खिचडी होते. स्क्रीनचं गणित पुन्हा पाहा: पांढऱ्यावर काहीही टाका, पांढराच राहतो, काळ्यावर टाका, टाकलेलं जसंच्या तसं दिसतं. म्हणजे पहिला फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरची काळी आकृती हवी. खिडकीपुढे किंवा कोऱ्या आकाशापुढे बसलेल्या माणसाचा बाजूने काढलेला, मुद्दाम काळवंडलेला फोटो. दुसरा फोटो पोताचा: फांद्या, पाण्याचे तरंग, भिंतीच्या भेगा. तो आकृतीच्या आतच उमटेल. आकृतीच्या कडा ओळखू याव्यात, नाक, हनुवटी, मान, एवढं पाहा. समोरून काढलेला चेहरा इथे गोल भोपळा दिसतो.

अनेक फोटो जोडून एक करणं ही संगणकाची देणगी मुळीच नाही. १८५० च्या दशकातल्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या, त्यामुळे समुद्र नीट आला की आकाश कोरं पांढरं यायचं. गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने उपाय म्हणून आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी अशा जोडून छापल्या. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र रचलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून मरणशय्येवरच्या मुलीचं दृश्य उभं केलं, आणि दुःखाचा असा देखावा रचावा का, यावर तेव्हाही वाद झाला.

जोडकाम फसलं तर कारण बहुतेक वेळा या चारांत सापडतं: सावल्या वेगवेगळ्या दिशांना, एका भागाचा रंग थंड आणि दुसऱ्याचा उबदार, एकात कण दिसतो आणि दुसरा गुळगुळीत, किंवा दोन्ही फोटो वेगवेगळ्या उंचीवरून काढलेले. आकाश बदलण्याचं बटण अनेक ॲपमध्ये आहे, पण सूर्य डावीकडे आणि झाडाची सावलीही डावीकडे असं झालं की बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खुपतं.

आणि जोडलेला फोटो जोडलेला म्हणूनच दाखवा. फेब्रुवारी १९८२ च्या अंकाचं मुखपृष्ठ उभ्या आकारात बसावं म्हणून नॅशनल जिओग्राफिकने गिझाचे पिरॅमिड फोटोत एकमेकांजवळ सरकवले, त्यावर अजून बोललं जातं. छंदाच्या फोटोला ओळीत ‘दोन फोटो एकत्र’ एवढं लिहिलं की काम भागतं. स्पर्धेला पाठवताना मात्र एडिटिंगचे नियम आधी वाचा.

वहीत काय लिहायचं

शटर, आयएसओ, वेळ हे फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलं जातं. टॉर्च कुठे होता ते नोंदलं जात नाही. काळा कागद केवढा होता, चिकटपट्टीचे थर किती होते, झोत किती सेकंद फिरवला, हे सगळं तुम्हालाच लिहायचं आहे, आणि त्याच दिवशी. शिवाय एक रकाना ‘काय येईल असं वाटलं होतं’ यासाठी ठेवा. तो फोटो पाहण्याआधी भरायचा. सुरुवातीला अंदाज आणि फोटो यांचा काही संबंध नसतो. सातआठ पानांनंतर ते जवळ यायला लागतात.

एडिट केलेला फोटो त्याच रात्री कुणाला पाठवू नका. सकाळी उघडा, आधी अगदी लहान आकारात पाहा, मग आडवा फ्लिप करून पाहा. रात्री सुंदर वाटलेला भडक निळा रंग सकाळी पहिल्या नजरेतच टोचतो. मी बहुतेक वेळा रात्रीचं काम निम्म्या ओपॅसिटीवर आणतो.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘ग्लास, निम्मं पाणी. आयएसओ १००, २० से. टॉर्च मागून, ४ से. वाटलं होतं: पाण्याची रेघ चमकेल. आलं: रेघ चमकली, पण तेराव्या सेकंदाला टॉर्च हातातून सुटला, खाली पडेपर्यंतची वाकडी रेघ फोटोत आली आहे. पुन्हा करून पाहिलं, मुद्दाम सोडून. तशी येत नाही.’